खोड्या : आहेत / नाहीत

देवाने माणसाला दहा बोटं दिली ती काम करायला नव्हे, मोजायला, अशी पक्की समजूत असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. मूल रडायला लागलं की आई त्याला पदराखाली घेते, डॉक्टर नळी कानाला लावतो, आणि आमचे मोजणीचे साहेब मनगटावरचं घड्याळ बघायचे. किती वेळ रडलं, मध्ये कितीदा थांबलं, थांबल्यावर कुणाकडे पाहिलं, सगळं वहीत लिहायचे. मूल नोंद पुरी व्हायच्या आत गप्प झालं तर बिचारे हिरमुसायचे. विहिरीच्या पायऱ्या, देवळातल्या घंटेचे टोले, एस.टी.तल्या उभ्या माणसांची संख्या, काही म्हणजे काही त्यांच्या तावडीतून सुटत नसे. जेवताना भाकऱ्या मोजत. एकदा मी आग्रहाने अर्धी भाकरी ताटात टाकली तर घास हातात धरून म्हणाले, "सिस्टर, आता पूर्णांक राहिला नाही हो." त्यानंतर मी त्यांना कधी अर्धी वाढली नाही. वाढायची तर सबंध, नाहीतर नाही.

त्यांनी आपलं नाव आणि लांबलचक पदवी आल्या दिवशीच सगळ्यांना सांगितली होती, पण गावाने ती तासाभरात विसरून टाकली. पुण्याहून आलेत, हातात टेप आहे, वह्या आहेत, म्हणजे मोजणीला आलेत. झालं, मोजणीचे साहेब. आमच्याकडे मोजणी म्हणजे जमिनीची, दुसरं काही मोजायला सरकार कशाला माणूस पाठवेल? चौथ्या दिवशी बांधावरून भांडणारे दोघे भाऊ त्यांना ओढून रानात घेऊन गेले. कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता की बाबांनो, मी तो नव्हे. साहेबांनी बांधावर उभं राहून दोघांना विचारलं, तुम्हाला मुलं किती, गेल्या महिन्यात आजारी किती पडली, दवाखान्यात किती नेली. भाऊ एकमेकांकडे बघायला लागले. पुढच्या खेपेला दोघांच्याही बायका पोरं घेऊन दवाखान्यात हजर. साहेबांच्या तक्त्यात एक रकाना होता, 'दवाखान्यात येण्याचे कारण'. त्यात त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, 'बांध'.

ही हकिकत बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीच्या वर्षाची. पाथर्डी तालुक्यात, तिसगावच्या बाजाराकडे जाणाऱ्या वाटेवर एक गाव होतं, तिथे माझी पहिली नेमणूक झाली. मी बावीस वर्षांची, नर्सचा कोर्स नुकता संपवलेली, आणि तोंडाने फटकळ. नगरच्या एका धर्मादाय मंडळाने त्या गावात मुलांचा दवाखाना काढला होता. आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, नगरहून डॉक्टरीणबाई जीपने येत. बाकीचे सहा दिवस मी, औषधाचं कपाट आणि मुलं तोलायचा तराजू. दारावर पाटी होती, 'बालरुग्ण बाह्य विभाग'. गावातल्या एका वाचता येणाऱ्या म्हाताऱ्याने तिचा अर्थ लावून सांगितला होता, "बाह्य म्हंजी भायेर. भायेर बसायचं, आत पाय ठिवायचा न्हाई." त्यामुळे सुरुवातीचा महिनाभर सगळ्या आया लिंबाखाली बसून राहत आणि आम्ही दोघी आत त्यांची वाट पाहत बसत असू. शेवटी डॉक्टरीणबाईंनी टेबलच लिंबाखाली नेलं. ते पुढे तिथेच राहिलं.

साहेबांना पाठवलं होतं ते ह्या मंडळानेच. दवाखान्यात मुलं येतात किती, एकदा आलेली पुन्हा येतात का, येत नसतील तर का, आणि मुख्य म्हणजे आलेली बरी होतात का, हे सगळं रीतसर शोधून काढायचं होतं. शोधाचं उत्तर चांगलं आलं तर दवाखाना चालू राहणार, नाहीतर गुढीपाडव्यापासून बंद. हे मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. माझी नोकरी जाईल हे एक होतंच. पण त्या भागातून नगरला दिवसातून एकच गाडी, तीही भरून येणारी. जुलाबाने गळाठलेलं पोर घेऊन कोणती बाई दिवसाची मजुरी टाकून नगर गाठणार होती? त्या पावसाळ्यात हौसाबाई नावाची एक बाई दोन कोसांवरच्या वस्तीवरून पोर खांद्यावर टाकून आली होती. आधीची दोन गेली म्हणून ह्याचं नाव मुद्दाम दगडू ठेवलेलं. डोळे खोल गेलेले, रडायलाही पाणी उरलं नव्हतं. मी दिवसभर चमच्याचमच्याने त्याला मीठ-साखरेचं पाणी पाजलं. दिवस कलता कलता त्याने चमचा दातांत धरला आणि सोडेना, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता राहील हा." असा दवाखाना बंद होणार की राहणार हे साहेबांची पेन्सिल ठरवणार होती, आणि साहेब म्हणजे हे असे.

कोणतं मूल दवाखान्यापासून किती लांब राहतं हे काढायला त्यांनी सायकलच्या पुढच्या चाकाला लाल चिंधी बांधली होती. चाकाचा एक फेर म्हणजे इतके फूट, असा हिशेब. सायकलवर असताना त्यांच्याशी बोलायची सोय नव्हती. एकदा एक मारका बैल सुटून समोर आला आणि साहेब सायकलसकट चारीत पडले. मी धावत जाऊन विचारलं, "साहेब, लागलं का?" चिखलातून एक हात वर करून ते म्हणाले, "सिस्टर, बोलू नका. चारशे बारा." मुलांची वयं काढायची त्यांची तऱ्हा त्याहून वरताण. जन्मतारीख कुणालाच माहीत नसे. आया सांगत, "आमची मोरी म्हस दुसऱ्यांदा याली तवाचा हाय." मग साहेबांनी गावातल्या यच्चयावत म्हशींच्या वेतांचा तक्ता केला आणि दवाखान्याच्या भिंतीवर लावला. लोक मुलं सोडून म्हशींसाठी दवाखान्यात यायला लागले. घोडेगावच्या बाजारात म्हैस विकायला निघालेला एक शेतकरी तिच्या वयाचा दाखला मागायला आला. साहेबांनी दिला, सही करून, खाली 'अंदाजे' असा शेरा मारून. त्या एका शब्दामुळे गिऱ्हाईक बिथरलं आणि म्हैस परत आली. तो शेतकरी पुढे महिनाभर आमच्या दारावरून मान फिरवून जात असे.

त्यांचा छापील तक्ता पानभर होता आणि त्यातला शेवटचा रकाना असा : 'उतार : आहे / नाही'. औषध घेतल्यावर आजाराला उतार पडला की नाही, एवढंच. बाकी सगळे रकाने ह्या एकासाठी होते. दवाखान्यात येऊन गेलेल्या मुलाच्या घरी साहेब पंधरा दिवसांनी जात, ओसरीवर उकिडवे बसत आणि एकेक प्रश्न विचारत. बोलणं भरभर. शेवटच्या प्रश्नाला येईपर्यंत तर ते इतक्या घाईत असत की 'उतार आहे का' ह्या तीन शब्दांचा मिळून एकच शब्द बाहेर पडे. मी तेव्हा दवाखान्यात तराजूपाशी असायची, त्यामुळे ही मुलाखत कधी ऐकली नव्हती. दिवाळीच्या सुमाराला त्यांनी तक्ते जुळवले तेव्हा शेवटच्या रकान्यात ओळीने 'नाही', 'नाही', 'नाही'. एखादाच 'आहे', तोही त्या बाईने मागाहून शब्द फिरवला म्हणून खोडलेला. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा चाळले, चष्मा काढून पुसला आणि जीपमध्ये जाऊन बसल्या.

मी मात्र बोलले. म्हटलं, "साहेब, पोरं डोळ्यांना दिसतात ना तुम्हाला? धडधाकट हिंडतात गावात. खोडा ते आणि लिहा 'आहे' म्हणून." ते म्हणाले, "सिस्टर, मला काय दिसतं ते लिहायचं नाहीये. आईने काय सांगितलं ते लिहायचंय. खोडाखोडच करायची तर मला एवढ्या लांबून कशाला बोलावलं?" मी रागाने म्हटलं, "दवाखाना बंद पाडायला." हे मी बोलायला नको होतं. ते खाली मान घालून पेन्सिलीला टोक करत बसले. टोक झालं तरी करतच राहिले. मग म्हणाले, "अजून जी पुन्हा आलीच नाहीत ती मुलं राहिलीत. ती शोधल्याशिवाय अहवाल पुरा होत नाही." ती मुलं कुठे होती हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. आईबापांबरोबर ऊस तोडायला गेली होती. साहेबांनी नकाशा काढला.

डॉक्टरीणबाईंनी मला त्यांच्याबरोबर धाडलं, कारण एकटे गेले तर ऊसही मोजत बसतील अशी त्यांना धास्ती होती. पौषातली थंडी. दोन एस.टी. बदलून आम्ही प्रवरेकडच्या एका कारखान्याच्या रानात पोचलो. तोडकऱ्यांच्या कोप्या, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपड्या, ओळीने उभ्या होत्या. साहेबांनी सवयीप्रमाणे त्या आधी मोजल्या. यादीतलं पहिलं नाव दगडूचं होतं. हौसाबाई उसाच्या वाढ्याच्या पेंढ्या बांधत होती. मला बघून धावत आली, बसायला पोतं टाकलं. दगडू एका कोंबडीच्या मागे लागला होता. तीच मान, जी मी तळहातावर तोलून धरली होती, आता चांगली जाडजूड झाली होती. त्याने कोंबडी सोडली आणि साहेबांच्या पिशवीत हात घातला.

साहेबांनी तक्ता काढून क्रमाने प्रश्न विचारले. मी प्रथमच शेजारी बसून ऐकत होते. शेवटी तो प्रश्न आला, नेहमीच्या घाईत. हौसाबाईने मान जोरात हलवली. "न्हाई सायेब. न्हाई." साहेबांनी तक्त्यावर पेन्सिल टेकवली, पण लिहिलं नाही. तेवढ्यात दगडूने त्यांच्या पिशवीतलं गजराचं घड्याळ काढून पाण्याच्या घागरीत सोडलं होतं आणि ते आतून वाजायला लागलं होतं. साहेब घागरीकडे बघत होते, मग पोराकडे, मग तक्त्याकडे. "औषध घेऊनसुद्धा नाही?" त्यांनी विचारलं. हौसाबाई माझ्याकडे सरकली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "बाई, तुमी तरी ह्यांला सांगा. आईची आन, उतारा आमी टाकलाच न्हाई. सासूबाई म्हनत हुत्या, दहीभात उतरून तिकटीवर ठिव. म्या म्हनलं, नगं, डाक्टरीणबाई रागं भरत्याल. फकस्त तुमचंच औषिद दिलं."

मला आधी हसू आलं आणि मग एकदम रडू. साहेब विचारत होते, 'उतार आहे का', आणि साऱ्या बाया ऐकत होत्या, 'उतारा हाय का'. पोरावरून भाकरतुकडा ओवाळून टाकल्याची चोरी पकडायला हा शहरातला माणूस दारोदार फिरतोय असं त्यांना वाटलं होतं, म्हणून दवाखान्याची अब्रू राखायला प्रत्येकीने छातीला हात लावून सांगितलं होतं, न्हाई. मी साहेबांना हे समजावलं तेव्हा त्यांनी तक्त्यावरचा तो प्रश्न पुन्हा वाचला. मग म्हणाले, "प्रश्न मी लिहिला होता, सिस्टर. चूक माझी." मी म्हटलं, मग आता नीट विचारते, आणि हौसाबाईला म्हणाले, "पोरगं बरं आहे ना गं आता?" तिने पटकन दगडूच्या डोक्यावर हात ठेवला. "बरं म्हनू नगा बाई. कुटलं बरं? लई खोड्या करतंय. कालच्याला भाकरीचं पीठ सांडलं, बैलाचं शेपूट वढलं, बापाचा कोयता लपीवला. जीव खाल्लाय माजा." आणि हे सांगताना तिचा चेहरा आनंदाने नुसता फुलून गेला होता. पोर बरं आहे असं तोंडाने म्हटलं तर दृष्ट लागते. तक्रार केली तर लागत नाही. साहेब तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांनी 'उतार' हा छापील शब्द खोडून वर स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'खोड्या'.

कोणीही म्हणालं असतं की आता सगळे 'नाही' उलटे करा आणि अहवाल धाडून द्या. मी म्हणालेच. साहेबांना ते पटणं शक्य नव्हतं. पाडव्याला अडीच महिने उरले होते. तेवढ्यात त्यांनी एकूण एक घर पुन्हा पालथं घातलं, वस्त्या, कोप्या, सगळं, आणि दर वेळी मी बरोबर. आता विचारायची मी आणि लिहायचे ते. "खोड्या करतं का गं?" म्हटलं की बाया अशा सुरू व्हायच्या की आवरेनात. कुणाचं उतरंडीवर चढत होतं, कुणाचं आजीला चावत होतं, एकाने तर देवाचा टाक गिळून दुसऱ्या दिवशी सुखरूप परत केला होता. साहेब अक्षर न् अक्षर लिहून घेत आणि मधूनमधून विचारत, "आठवड्यातून किती वेळा?" काही घरी मात्र बाई म्हणायची, "न्हाई बाई, गप पडून आसतंय. काईच मागत न्हाई." त्या घरचं मूल आम्ही दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आणायचो. साहेबांनी तेही लिहिलं. कमी नाही की जास्त नाही.

अहवाल वाचायला मंडळाची माणसं बसली तेव्हा डॉक्टरीणबाईंबरोबर मीही मागे उभी होते. एका वयस्क गृहस्थांनी कागद डोळ्यांशी धरून विचारलं, "हे खोड्या काय आहे? ही शास्त्रीय संज्ञा आहे का?" साहेब उभे राहिले. शर्टाची वरची गुंडी चुकीच्या काजात लावलेली होती. "होय," ते म्हणाले, "तिकडच्या आया वापरतात." मग त्यांनी हौसाबाईने सांगितलेलं सगळं, पीठ, शेपूट, कोयता, एका सुरात वाचून दाखवलं. कुणीच हसलं नाही. त्या गृहस्थांनी विचारलं, हे मूल आलं तेव्हा कसं होतं? डॉक्टरीणबाईंनी ते सांगितलं. दवाखाना बंद झाला नाही. पुढच्याच साली पाऊस गेला, माणसं खडी फोडायच्या कामावर गेली आणि बाया पोरांना खडीच्या ढिगाआड निजवून हातोडा उचलू लागल्या. तेव्हा आम्ही टेबल आणि तराजू घेऊन सरळ कामावरच गेलो. दवाखान्यात न येणारी मुलं कुठे सापडतात हे साहेबांनीच शिकवलं होतं. त्या दोन वर्षांत तिथे वाचलेली पोरं मी मोजली नाहीत. मोजायला ते नव्हते, दुसऱ्या जिल्ह्यात गेले होते. पण ती सगळी मी त्यांच्या नावावर धरते, आणि त्यांना रागाने बोललेलं ते एक वाक्य अजून मला टोचतं.

वर्षं गेली. मी निवृत्त झाले, नगरला राहायला आले. दगडू मधूनमधून भेटायला येतो. दोन मुलींचा बाप आहे आणि त्यांच्या कागाळ्या घेऊन येतो. साहेब आजारातून उठलेत असं कळलं म्हणून एकदा मी पुण्याला त्यांच्या घरी गेले. दार वहिनींनी उघडलं आणि आत घ्यायच्या आधीच सुरुवात केली, "तुम्हीच सांगा हो ह्यांना. पडून राहा म्हटलं तर गच्चीवर जाऊन टाक्या मोजतात. औषधाच्या गोळ्या मोजायला बाटली उपडी करतात आणि अर्ध्या पलंगाखाली घालवतात. जीव खाल्लाय माझा." साहेबांना अजून पाहिलं नव्हतं, तरी माझा जीव तिथे दारातच भांड्यात पडला. आत ते खुर्चीत बसले होते, हातात पेन्सिल. मी म्हटलं, "साहेब, खोड्या आहेत ना?" ते म्हणाले, "आहेत, सिस्टर. नोंद करा." निघताना मी मनात तयार करून नेलेलं आभाराचं बोलणं बोलायला लागले, तर म्हणाले, त्यासाठी रकाना नाही. मी चपला घातल्या. पुढच्या वेळी बोलू असं वाटलं.

गेल्या मार्गशीर्षात वहिनींचं पत्र आलं. पत्र चांगलंच होतं, वाईट असं त्यात काही नव्हतं. लिहिलं होतं, हल्ली ह्यांचा काही त्रास नाही. सांगितलं तसं ऐकतात. दूध दिलं की पितात, गोळी दिली की घेतात. दिवसभर शांत पडून असतात, काही मागत नाहीत. मी पत्र एकदाच वाचलं. मग पिशवीत एक लुगडं टाकलं, दोन भाकऱ्या फडक्यात बांधल्या, सबंध, आणि पुण्याची पहिली गाडी गाठायला निघाले.